‘ठिगळांची पदवी’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

विषय निवडायची मुभा असलेल्या पदवीत नाटक जरूर शिका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "थोडं नाटक, थोडं मानसशास्त्र, थोडं विज्ञान, ही पदवी नव्हे, नुसती ठिगळं. नट सलग तालमीतून घडतो. तुमच्यासारखे हौशी लोक मुलांची दिशाभूल करतात." पुढे फी आणि नोकरीबद्दलही लिहिलं आहे.

मत पटलं नाही तर जरूर सांगा. पण "तुमच्यासारखे हौशी" कशासाठी? मी किती तालमी केल्या, हे विचारायचीही तुम्हाला गरज वाटली नाही. मुद्दा मांडायला समोरच्याला कमी लेखावं लागत नाही.

एक चूक कबूल. ‘हवे ते विषय घ्या’ असं मी सरसकट लिहून गेलो. मुख्य विषयाचे काही पेपर सक्तीचे असतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘ठिगळं’. माझा मुख्य विषय नाटक होता, जोडीला भौतिकशास्त्र. विभागातल्या एका शिक्षकांनी भर वर्गात माझ्या पदवीला हाच शब्द वापरला होता, म्हणून तो आजही झोंबतो. दुसऱ्या वर्षी एका नाटकाची प्रकाशयोजना माझ्याकडे आली. शेवटच्या प्रवेशात नायिका विंगेतल्या दिव्यापासून दोन मीटरवर उभी असायची आणि बोलत बोलत चार मीटरवर जायची. तिथे तिचा चेहरा विझायचा. सगळे म्हणत होते, डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करायची कळ) वाढवा. वाढवला की आधीच्या जागी चेहरा पांढराफटक. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, हे मी त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत मोजलं होतं. मी दुसरा दिवा टांगला, तिच्या तिसऱ्या पावलाला क्यू, म्हणजे तो लावायचा इशारा, ठेवला आणि पहिला दिवा सावकाश उतरवत नेला. शेवटच्या वाक्यापर्यंत तिचे डोळे दिसले. यात नाटक कुठे संपलं आणि भौतिकशास्त्र कुठे सुरू झालं, तुम्हीच सांगा.

भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीचा आहे, मापांसकट. पुढे छंद आहेत, वाद्यं आहेत, वेशभूषा आहे. जर्मन नाटककार ब्रेख्तनं 1917 मध्ये म्युनिकच्या विद्यापीठात नाव घातलं. तो वैद्यक शिकत होता आणि प्राध्यापक कुचर यांच्या नाट्यविषयक वर्गांनाही बसत होता. ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल रसायन अभियांत्रिकी शिकलेला. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात त्यानं नाट्यलेखनाचे धडे घेतले. यांनाही ठिगळं म्हणायचं का?

सलग तालमीचं म्हणाल, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न आहे, संध्याकाळ मोकळी ठेवली की सुटतो. फी आणि नोकरीची काळजी कुठल्याही शिक्षणात असतेच. त्यात मी शिरत नाही.

पण दिशाभूल? वीस वर्षं विंगेत उभं राहून जे पाहिलं, तेच मी मुलांना सांगतो. पुढच्या वेळी लेख शेवटपर्यंत वाचून लिहा. आणि ‘हौशी’ हा शब्द मागे घेतलात, तर मला बरं वाटेल.