बोअर किती फूट ते विचारता, त्यातून काय येतं ते कोण विचारणार?

आज 1 मे ची ग्रामसभा झाली. झेंडावंदन झालं, मग शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली आणि विषयपत्रिकेवर एक विषय होता, विहिरी व बोअरबाबतच्या नियमांत सुधारणा करणे. मला वाटलं चला, उशिरा का होईना जाग आली. ठराव वाचून दाखवला. नवीन बोअर मारायचा तर पंचायतीचा ना हरकत दाखला, पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत बोअर नाही, शेतीसाठी 200 फुटांच्या खाली जायचं नाही, एवढी फी, एवढा दंड. झालं, संपलं. मी उभी राहिले आणि विचारलं की पाणी कसं असावं याबद्दल एक ओळ पण का नाही यात? तर उत्तर काय, "ताई, पाणी तपासणं आरोग्य खात्याचं काम, तो आपला विषय नाही." आणि लगेच पुढचा विषय, स्ट्रीटलाईटचा.

तेव्हापासून डोकं फिरलंय. घरी येऊन स्वयंपाक केला, जेवणं झाली, भांडी घासली तरी राग उतरेना म्हणून लिहायला बसलेय.

मागच्या पावसाळ्यात आमच्या आळीत काविळीची साथ आली होती हे इथल्या बऱ्याच जणांना माहितीये. माझी धाकटी जाऊ तेव्हा आठव्या महिन्यात. आधी नुसती मळमळ, जेवण जाईना, आम्हाला वाटलं दिवस भरत आलेत म्हणून असेल. मग एक दिवस दारात उन्हाला उभी होती आणि सासूबाई म्हणाल्या, हिचे डोळे बघ गं. हळदीसारखे पिवळे. जिल्ह्याला नेलं तर डॉक्टर म्हणाले हिपॅटायटिस ई, हा बहुतेकदा घाणेरड्या पाण्यातूनच होतो, आणि बाकीच्यांना होऊन जातो पण शेवटच्या महिन्यांतल्या बाईच्या जिवावर बेततो. त्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून मी काय काय बोलले असेन देवाला ते माझं मला माहीत. देवाची कृपा, दोघं सुखरूप घरी आले.

आता ऐका, त्याच वेळी ग्रामपंचायतीकडे हिरवं कार्ड होतं. हिरवं! म्हणजे गावाच्या पाण्याला धोका नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. एप्रिलमध्ये जमीन कोरडी ठणठणीत, विहिरीच्या आजूबाजूला चिखल नाही की वाहून येणारं पाणी नाही. खरी घाण उतरते ती मृगाच्या पहिल्या जोरदार पावसाबरोबर, आणि ऑक्टोबरचं सर्वेक्षण येईपर्यंत जे आजारी पडायचे ते पडून उठलेले असतात. बरं हे सर्वेक्षण सार्वजनिक स्रोतांचं. नळाला तीन दिवसाआड पाणी येतं म्हणून आमची अर्धी आळी ज्या खाजगी बोअरचं पाणी पिते त्याचं नाव कुठल्याच वहीत नाही.

आमच्या बोअरचं पाणी शेवटी गावच्या आरोग्य कार्यकर्तीने, आशाताईंनी तपासलं. त्यांनी ती पाण्यातले जंतू तपासायची एचटूएसची छोटी बाटली आणली, पाणी भरलं, हलवलं आणि म्हणाल्या, "ओट्यावर राहू द्या, उद्या बघा." सकाळी उठून बघते तर काळंकुट्ट! रंग काळा म्हणजे पाण्यात मैला मिसळत असणार, साधी परीक्षा. मी ती बाटली हातात धरून नुसती उभी राहिले. तेच पाणी आम्ही जावेला तांब्याभरून देत होतो, गरोदर बाईने पाणी भरपूर प्यावं म्हणून.

का मिसळलं तेही सांगते. आमच्या वरच्या अंगाला नवीन घर झालं, त्यांनी संडासाचा खड्डा खणला आमच्या बोअरपासून जेमतेम वीस फुटांवर. विहीर किंवा बोअर आणि असा शोषखड्डा यांच्यात निदान 15 मीटर अंतर हवं असं सांगतात. त्या लोकांवर माझा राग नाही खरंच, ती माणसं साधी आहेत, घरकुलाचे हप्ते येतील तसं बांधलं, त्यांना कोणी सांगितलंच नाही. सांगायचं कोणी? बोअरवाल्याने तरी काय केलं, मुरूम संपेपर्यंत केसिंगचा पाइप घातला आणि कडेची फट मातीने बुजवून गाडी घेऊन पसार. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली भेगा पडलेला काळा पाषाण, राज्याचा बहुतेक भाग असाच आहे, पाणी त्या भेगांतून गाळून निघत नाही, सरळ धावतं. सिमेंटने फट बंद करायला आणि भोवती ओटा बांधायला किती खर्च येतो हो? जिल्ह्याच्या एका फेरीत आमचे त्याच्यापेक्षा जास्त गेले.

आणि "आपला विषय नाही" म्हणजे काय? राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांत पिण्याचं पाणी लिहिलेलं आहे. राज्याच्या 1993 च्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या भूजल कायद्यापासून ते 500 मीटर चालत आलंय, मग 2009 चा भूजल कायदा, तो लागू व्हायला 2014 उजाडलं, नियमांचा मसुदा हरकतींसाठी आला 2018 ला. त्या कायद्यात भूजलाची गुणवत्ता जपायचीही गोष्ट आहे, पण आमच्या सभेत उतरलं काय तर फूट आणि फी. कारण फी दिसते, पावती फाडता येते.

ठीक आहे, मान्य, ग्रामसेवकाकडे दोन-दोन तीन-तीन गावं आहेत आणि अर्ध्या गावाची पाणीपट्टी थकलेली आहे. गावच्या पाण्याची देखभाल करणाऱ्या आमच्या जलसुरक्षकाचं तर मला वाईटच वाटतं. बिचारा पहाटे टाकीवर चढून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, पाण्यात क्लोरीन उतरलं का ते ओटी टेस्ट करून पिवळा रंग आला का बघतो, आणि त्याला मिळणारं मानधन सांगायला पण लाज वाटेल. कोणी त्याला चांगलं म्हणत नाही, पाण्याला वास आला की शिव्या मात्र त्यालाच. पण त्याची टीसीएल टाकीत पडते, आमच्या बोअरमध्ये नाही.

कोणी म्हणेल उकळून प्या. जंतू मरतील, मान्य. नायट्रेटचं काय? उकिरडे आणि युरिया यांचं ते देणं, लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असलं की पाणी पिण्यालायक नाही, आणि उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या गावांत फ्लोराईडने दात आणि हाडं गेली माणसांची, ते पाणी पण दिसायला स्वच्छच होतं. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हा विहिरी, टँकर, आरओ प्लांट सगळं तपासायची धावपळ झाली. झाल्यावर! शहरात निदान टीव्हीवाले आले. आमच्या आळीत कोण येणार?

माझं मागणं फार मोठं नाही. ना हरकत दाखल्याच्या अर्जातच शोषखड्डा किती लांब आहे ते लिहायला लावा आणि कोणीतरी टेप घेऊन जाऊन मोजा. केसिंगची फट सिमेंटने बंद केल्याशिवाय दाखला देऊ नका. घर बांधायच्या परवानगीलाही हेच लावा, विहीर आधीची असो नाहीतर खड्डा आधीचा. ज्या खाजगी बोअरचं पाणी चार घरं पितात त्याची नोंद करा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याच्या आत तपासा, आणि रिपोर्ट फाईलमध्ये नको, त्या बोअरवर चिकटवा, तारखेसकट. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे ना, मग त्या बायका कुठेत, किट कुठल्या कपाटात आहे, हे पण सभेत सांगा.

ठराव अजून कायम झालेला नाही. दुरुस्तीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, सोमवारी सकाळी दहाला पंचायतीत देणार आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. माझी जाऊ येते म्हणालीये बाळाला घेऊन. आळीतल्या बायकांनो, सह्या लागतील, रविवारी संध्याकाळी माझ्याकडे या.