स्कॅनर पार्टचं नाव सांगत नाही

‘बीएस-६ गाड्यांत स्कॅनर लावला की खराब पार्ट कळतो, मेकॅनिकला फक्त तो बदलायचा’ असा मेसेज गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे चूक आहे, आणि त्यापायी गिऱ्हाइकाला नाहक भुर्दंड बसतो.

स्कॅनर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचतो, आणि कोड फक्त बिघाडाचं लक्षण सांगतो. पेट्रोल गाडीत पी०१७१ आला, तर अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. लगेच ऑक्सिजन सेन्सर (इंजिनातून निघणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलला जातो. तो बिचारा खरं तेच सांगत असतो!

आधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाचे इंजिनचे आकडे, लिहून घ्या. कोड पुसला की तीही जाते. मग इंजिन गरम करून लाइव्ह डेटात (चालू इंजिनचे आकडे) शॉर्ट आणि लाँग फ्यूएल ट्रिमची, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय त्या तात्पुरत्या आणि कायमच्या दुरुस्तीची, बेरीज पाहा. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) +२०% आणि २५०० आरपीएमला +४% आली, तर थ्रॉटलनंतर (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेनंतर) कुठेतरी जादा हवा ओढली जातेय: तडकलेला व्हॅक्यूम पाइप, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीचं) गॅस्केट. उलट लोड वाढताना ट्रिमही वाढत गेली, तर फ्यूएल प्रेशर मोजा, एअर-फ्लो सेन्सर असेल तर तोही तपासा.

शिकायचं आहे ते हे आकडे वाचणं. स्कॅनरची बटणं तासाभरात येतात.