बोरीवली स्टेशन नॅशनल पार्कासाठी बांधलं? नाही!

सुट्टी जवळ आली की सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. थोडक्यात असा: ‘नॅशनल पार्क बघायला येणाऱ्या साहेबलोकांसाठी इंग्रजांनी बोरीवली स्टेशन बांधलं. तिथून कान्हेरीपर्यंत रूळ होते. आजची वनराणी हा त्यांचाच उरलेला तुकडा. पार्क एवढं मोठं आहे की मुलुंड, भांडुप, ठाणे, कुठेही उतरा, गेट आहेच. आणि आता राष्ट्रीय उद्यान मेट्रो स्टेशनसाठी तेच जंगल कापलं.’

चार दावे आहेत आणि चारही चुकीचे. त्यातला तिसरा तर लोकांचा अख्खा रविवार खातो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

पहिला दावा तारखांपुढेच टिकत नाही. बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज, गुजरातेतून ग्रँट रोडपर्यंत पोचली 1864 च्या नोव्हेंबरात. 12 एप्रिल 1867 ला विरार ते बॅकबे (दक्षिण मुंबईतलं तेव्हाचं स्टेशन) अशी पहिली उपनगरी गाडी धावली. दिवसाला जायला एक, यायला एक. तिच्या थांब्यांच्या यादीत बोरीवली आहे, ‘बेरेवला’ अशा काहीतरी इंग्रजी उच्चाराने. गोरेगावच्या जागी ‘पहाडी’ आहे, आजच्या नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या पाणजू बेटावरही थांबा आहे. दहिसर, कांदिवली, मालाड मात्र त्या यादीत नाहीत. म्हणजे 1867 ला बोरीवली स्टेशन होतं, याबद्दल वाद नाही.

आता दुसरी बाजू बघा. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, अमेरिकेतलं यलोस्टोन, घोषित झालं 1872 ला. भारतातलं पहिलं, आजचं कॉर्बेट, 1936 ला. जी कल्पनाच जगात नव्हती तिच्यासाठी बोरीवलीला स्टेशन कोण बांधेल? आपल्या उद्यानाचं नाव आधी कृष्णगिरी, मग बोरीवली, आणि संजय गांधींचं 1980 साली निधन झाल्यावर त्यांचं. क्षेत्रही टप्प्याटप्प्याने वाढत आजच्या सुमारे 104 चौरस किलोमीटरवर आलं. स्टेशन आधी आणि उद्यान नंतर, मध्ये कित्येक दशकं.

मग रूळ तिथून का गेले? साष्टी बेटाच्या मधोमध डोंगर आहे. त्याच्या पश्चिमेला खाड्या-खाजणं आणि डोंगराचा पायथा यांच्यामध्ये सपाट पट्टी आहे, पूर्वेला ठाण्याच्या खाडीपर्यंत तशीच दुसरी. वाफेच्या इंजिनाला चढ म्हणजे कोळसा आणि पाणी दोन्हींची नासाडी, त्यामुळे दोन्ही रेल्वे कंपन्यांनी, पश्चिमेला बॉम्बे बडोदाने आणि पूर्वेला ग्रेट इंडियन पेनिन्सुलाने, डोंगराला हात न लावता बगल दिली. पूर्वेच्या पट्टीतून 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे ही 34 किलोमीटरची पहिली गाडी गेली. मुंबई-ठाणे रेल्वेची कल्पना जॉर्ज क्लार्क या सरकारी इंजिनिअरला 1843 मध्ये सुचली ती भांडुपला गेला असताना, अशी नोंद आहे. म्हणजे आज उद्यानाला टेकलेल्या त्याच भांडुपला! पश्चिमेच्या पट्टीतून गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणायचा होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कान्हेरीची लेणी बघायला येणारा प्रवासी या हिशोबात कुठेच बसत नव्हता. पुढे 5 जानेवारी 1928 ला विजेची गाडी बोरीवलीपर्यंत आली, 1936 ला विरारपर्यंत, तीही उपनगरांत राहायला गेलेल्या नोकरदारांसाठी.

डोंगरावरचं जंगल टिकलं ते रेल्वेमुळे नव्हे, पाण्यामुळे. विहार तलाव 1860 ला पुरा झाला, तुळशी 1879 ला. शहराला पाजायचं पाणी ज्या उतारांवरून तलावात येतं तिथे गाव, गोठे, शेती नको, म्हणून ते उतार मोकळे ठेवले गेले आणि त्यावर झाडी राहिली. दोन्ही तलाव आज उद्यानाच्या हद्दीत आहेत. फॉरवर्डमध्ये यांचं नावही नाही, ही खरी गंमत.

आता वनराणी. पश्चिम रेल्वेचे रूळ ब्रॉडगेज आहेत, दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर. वनराणी ही अरुंद रुळांची, उद्यानाने पर्यटकांसाठी चालवलेली खेळण्यातली गाडी. ती कृष्णगिरी उपवनात गांधी स्मारकाच्या टेकडीभोवती फिरते. बोरीवली स्टेशनशी तिचा सांधा कधीच नव्हता आणि कान्हेरीच्या दिशेला ती जातही नाही. मे 2021 च्या तौक्ते चक्रीवादळात तिच्या मार्गाचं नुकसान झालं आणि ती बराच काळ बंद राहिली. मुलांना तिचं आमिष दाखवून निघण्यापूर्वी ती चालू आहे का, हे विचारून घ्या.

आणि जुना फाटा असता तर तो लपला नसता. फाटा म्हणजे मुख्य मार्गावर सांधे, बाजूला सायडिंग, इंजिनाला पाणी भरायची सोय, ओढ्यांवर मोऱ्या, उतार समान ठेवायला भराव आणि कटिंग, शिवाय सर्व्हेच्या नकाशावर संपादित जमिनीची लांब चिंचोळी पट्टी. रूळ उचलले तरी भराव आणि मोऱ्यांचे दगडी पाये दीडशे वर्षं हलत नाहीत. कान्हेरीच्या वाटेवर असलं काही नाही. चढाचाही प्रश्न आहेच. बोरघाटात 37 ला 1 चढासाठी मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागली. एवढा खटाटोप कंपनीने केला तो दख्खनच्या मालासाठी. चार सहलींसाठी तो कुणी केला नसता.

दगड वाहणारी रेल्वे या भागात होती, एवढंच या दाव्यात खरं. पण ती कांदिवलीला. 1920 च्या दशकात बॅकबेला समुद्रात भराव टाकण्यासाठी कांदिवली पूर्वेच्या टेकडीची खाण करून दगड-माती रेल्वेने मुंबईत नेली. त्याच खाणीत पुढे अश्मयुगीन हत्यारं मिळाली. सांगोवांगी कांदिवलीची दगडगाडी बोरीवलीला सरकली असावी आणि तिच्यात साहेब बसला असावा.

‘कुठेही उतरा, गेट आहेच’ हा दावा सगळ्यात महागात पडतो. फोनच्या नकाशात मुलुंड स्टेशनपासून हिरवा रंग अगदी जवळ दिसतो. माणूस मुलुंडला उतरतो, पश्चिमेला रिक्षा करतो आणि वस्तीच्या शेवटच्या गल्लीत कुंपणाच्या भिंतीसमोर उभा राहतो. हिरवा रंग हद्द दाखवतो, प्रवेश नाही. भांडुपला तर डोंगराकडे जाणारा रस्ता महापालिकेच्या जलशुद्धीकरण संकुलाशी संपतो. तिथून तुळशी-विहारकडे विनापरवाना सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

प्रत्यक्ष स्थिती अशी. मुख्य प्रवेशद्वार बोरीवली पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गावर आहे. बोरीवलीला पुलावरून पूर्वेकडे उतरायचं. तिथून चालत पंधरा-वीस मिनिटं. पश्चिमेला उतरलात तर आधी पूल परत चढावा लागेल. सकाळी चर्चगेटहून येताना गर्दी उलट्या दिशेची असते, बसायला मिळतं. संध्याकाळी मात्र बोरीवलीला उतरायचं असेल तर इंडिकेटरवर ‘बो’ असलेली गाडी पकडा. ऐन गर्दीच्या विरार फास्टमध्ये दारापर्यंत पोचेपर्यंत दहिसर मागे पडतं.

गेटावर पोचलात म्हणजे कान्हेरीला पोचलात असं नाही. लेणी तिथून आत सहा-सात किलोमीटरवर आहेत आणि शेवटचा टप्पा चढाचा आहे. उद्यानाची बस किंवा भाड्याची सायकल घेतात. बसच्या रांगेत अर्धा तास जाईल असं धरा. शंभरावर लेणी आहेत, दुपारनंतर सुरुवात केलीत तर पहिल्या दहाबारांतच बंद व्हायची वेळ होते. लेण्यांचं तिकीट वेगळं, ते पुरातत्त्व खातं घेतं.

ठाण्याहून जायचं ते येऊरला. ठाणे पश्चिमेला ठाणे परिवहनची येऊर बस मिळते. येऊर हे त्याच उद्यानाचं पूर्वेकडचं अंग असलं तरी तिथून कान्हेरीला चालत जाऊ असा बेत करू नका, मधलं जंगल पर्यटकांना खुलं नाही. दक्षिणेला गोरेगावहून फिल्म सिटीजवळ बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथे ठरवून आयोजित फेऱ्या असतात. आणि खाडीपलीकडचा नागला भाग फार थोड्यांना ठाऊक. त्याच्या बाजूने वसई-दिवा मार्ग जातो. कामण रोड हे त्यावरचं छोटं स्टेशन. त्या मार्गावर गाड्या इतक्या कमी की परतीची वेळ आधी लिहून घ्यावी.

राहिली मेट्रो. ‘राष्ट्रीय उद्यान’ हे मेट्रो 7 चं स्टेशन. या मार्गाचा दहिसर पूर्व ते आरे हा टप्पा 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला सुरू झाला आणि 19 जानेवारी 2023 ला गुंदवलीपर्यंत वाढला. हा उन्नत मार्ग आहे. महामार्गाच्या मधोमध खांब आहेत आणि स्टेशन रस्त्यावर टांगलेलं आहे, उद्यानाच्या कुंपणाबाहेर. झाडांवरून जे रान पेटलं, ऑक्टोबर 2019 मध्ये रात्रीत कुऱ्हाड चालली, ते आरेतल्या मेट्रो 3 च्या कारशेडवरून. मेट्रो 7 च्या गाड्या चारकोपच्या डेपोत जातात. आरेचा राग रास्त की अरास्त हा वेगळा वाद, पण तो या स्टेशनावर काढण्यात अर्थ नाही. घोटाळ्याचं मूळ बहुधा नावात आहे: मेट्रो 7 वर ‘आरे’ आहे आणि मेट्रो 3 वर ‘आरे जेव्हीएलआर’.

मेट्रोने येणाऱ्यांनी एवढं बघावं: राष्ट्रीय उद्यान स्टेशन बोरीवली रेल्वे स्टेशनला जोडलेलं नाही, आणि मेट्रो 2अ चं ‘बोरीवली पश्चिम’ तर लिंक रोडवर, पार दुसऱ्या टोकाला आहे. सोमवारी उद्यान पर्यटकांसाठी बंद असतं, लेणीही.