मुंबईच्या त्या व्हिडिओखाली फिरणारे तीन चुकीचे उपाय

८ जून २०२४ रोजी मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर तिरुवनंतपुरमला निघालेलं एअर इंडियाचं विमान अजून उड्डाण घेत होतं, तेवढ्यात इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान मागे टेकलं. त्या प्रसंगाच्या व्हिडिओसोबत एक मजकूर फिरतो: "धावपट्ट्या दोन आहेत, एकीवर उतरवा, दुसरीवरून उडवा. टक्कर टाळणारं यंत्र असतंच. अगदीच वेळ आली तर मागच्याला परत वर पाठवा."

प्रकार गंभीरच होता. विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने चौकशी लावली, विमानांना परवानगी देणाऱ्या कंट्रोलरला ड्यूटीवरून बाजूला केलं, ते योग्यच झालं. पण हे तिन्ही उपाय लागू पडत नाहीत.

"दोन धावपट्ट्या": मुंबईच्या ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान उतरत असताना दुसरीवरून उडवलं, तर धोका फक्त छेदाच्या जागी सरकतो. म्हणून मुंबईत एका वेळी एकच धावपट्टी चालते. दिल्लीला समांतर धावपट्ट्या आहेत, ती तुलना इथे चालत नाही.

"यंत्र असतंच": टक्कर टाळणारं हे यंत्र, टीकॅस, जमिनीपासून साधारण १,००० फुटांखाली 'वर जा, खाली जा' असे आदेश देतच नाही, आणि जमिनीवरच्या विमानाला धोका मानत नाही. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून ६७ जण गेले. टक्कर ३०० फुटांच्या आसपास झाली. वैमानिकांना 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' एवढाच इशारा मिळाला होता.

"परत वर पाठवा": इथे खरा घोटाळा आहे. गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जाणं, ही रोजची, सुरक्षित कृती आहे, पण वेळेत केली तरच. पुढचं विमान धावायला लागल्यावर मागच्याला वर पाठवलं, तर दोन्ही एकाच दिशेने हवेत चढतात. मागचं बरंचसं इंधन जळल्याने हलकं, म्हणून भराभर चढणारं. त्याचं नाक वर, त्यामुळे खालचं विमान वैमानिकाला दिसत नाही. कंट्रोलरला ताबडतोब एकाला वळवावं लागतं.

म्हणून निर्णय आधी घ्यायचा असतो. ढोबळ हिशोब पाहा. १४० नॉट, म्हणजे तासाला १४० नॉटिकल मैल वेगाने एक नॉटिकल मैल २६ सेकंदांत संपतो. उतरणाऱ्या दोन विमानांत पाच मैल ठेवले, तर हाती १३० सेकंद. पहिलं विमान धावपट्टी सोडायला ५०-६० सेकंद घेतं. उरलेल्या वेळात मधल्या, म्हणजे उड्डाण करणाऱ्या विमानाने इंजिनांची ताकद वाढवायची, ३५-४० सेकंद धावायचं, आणि मूळ नियमानुसार मागचं थ्रेशोल्डवर, म्हणजे धावपट्टीच्या सुरुवातीला येण्याआधी धावपट्टीचं पलीकडचं टोक ओलांडायचं किंवा वळण सुरू करायचं. वैमानिकाने निघायला १५ सेकंद जास्त लावले की सगळं गणित कोलमडतं. मागचं दोन मैलांवर, म्हणजे ५२ सेकंदांवर आलं आणि पुढचं हललंच नसेल, तर 'होल्ड पोझिशन, कॅन्सल टेक-ऑफ' म्हणून त्याला जागीच थांबवायचं आणि मगच मागच्याला वर पाठवायचं. तेव्हा आकाश मोकळं असतं.

हे अंतर कमी करण्याची सवलत आंतरराष्ट्रीय नियमांत आहे: ए३२० सारख्या दोन विमानांत पुढचं हवेत असावं आणि थ्रेशोल्डपासून २,४०० मीटर पुढे गेलेलं असावं. पण ती फक्त दिवसा, दृश्यता किमान ५ किलोमीटर असताना, आणि मागून वारा ५ नॉटपेक्षा जास्त नसताना. पावसाने पट्टी निसरडी झाली की सवलत बंद.

मागणी करायचीच तर दोन विमानांमधली फट वाढवण्याची करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईची गर्दीच्या वेळची मर्यादा तासाला ४६ वरून ४४ वर आणली गेली. म्हणजे प्रत्येक विमानामागे जेमतेम साडेतीन सेकंद वाढले.