कारल्याची बी आणि बाहुल्यांचा सण

नवरात्र जवळ आले की मायदेशी भोंडल्याच्या गाण्यांवरून एक वाद हमखास निघतो: सासुरवासाची ही रडगाणी आजच्या मुलींना कशाला शिकवायची, सणाला आनंदाचीच गाणी असावीत. तोक्योच्या निशी-कासाई भागात राहून हे वाचताना मला पूर्वी ते पटत असे. पटेनासे झाले ते एका जपानी बालगीतामुळे.

येथे ३ मार्चला हिनामात्सुरी असतो, म्हणजे मुलींच्या कल्याणासाठी बाहुल्या मांडण्याचा सण. त्याचे प्रसिद्ध गाणे कवी सातो हाचिरो यांनी १९३६ च्या सुमारास लिहिले. नावातच ‘आनंदाचा’ हा शब्द, आत दिवे, पीचची फुले, वादकांची बासरी आणि ढोल असा सगळा थाट. चाल मात्र उदास. एका कडव्यात एवढेच म्हटले आहे, की राणीच्या सेविकेच्या बाहुलीचा गोरा चेहरा लग्न होऊन गेलेल्या ताईसारखा दिसतो. सातोंची बहीण लग्न ठरल्यावर क्षयाने गेली आणि ही ओळ तिच्यासाठी आहे, असे सांगितले जाते. ती कथा बाजूला ठेवली तरी घरातली एक मुलगी आता घरात नाही, हे त्या ओळीत आहेच. माझी मुलगी हे गाणे बालवाडीतून शिकून आली.

कुमामोतोमधल्या इत्सुकी गावच्या अंगाईत तर मूल सांभाळायला दुसऱ्याच्या घरी ठेवलेली गरीब पोर म्हणते, की मी ओबोनपर्यंतच येथे आहे, ओबोन लवकर आला तर लवकर घरी जाईन. पितरांचा तो सण तिच्यासाठी सुटकेची तारीख आहे. आपल्या भोंडल्याच्या गाण्यात माहेरी जाऊ का म्हणून विचारणाऱ्या आणि ‘आधी कारल्याची बी पेर, मग जा’ असे सासूकडून ऐकणाऱ्या सुनेला या पोरीचे बोलणे समजावून सांगावे लागले नसते.

छळाची नुसती थट्टा करणारी गाणी मुलींना शिकवू नयेत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तेवढ्यासाठी दुःखाची सगळीच गाणी गाळली, तर ज्या बायकांना रडायलाही फेर धरण्याचे निमित्त लागत होते, त्यांचे बोलणेच आपण पुसून टाकू.

गेल्या वर्षी शेजारच्या जपानी आजींना कारल्याच्या गाण्याचा अर्थ सांगितला. त्यांनी विचारले, “मग ती गेली का घरी?” गेली, मी म्हटले, बी पेरून, वेल वाढून, कारली लागून, त्यांची भाजी करून, खाऊन आणि उष्टी काढून झाल्यावर.