कुकरची रिंग ओरिजिनल आहे हे सिद्ध करा

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं भांड्यांचं छोटं दुकान आहे. म्हणजे दुकान बाबांचं, मी फक्त 'ऑनलाइनवाला'. दुकानात कुकर कमी आणि कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, सेफ्टी व्हॉल्व्ह, हँडलचे स्क्रू जास्त खपतात. हेच सगळं मी दोन वर्षांपूर्वी एका शॉपिंग साइटवर विकायला टाकलं आणि ते चाललं, चाललं म्हणजे दिवसाला सातआठ ऑर्डरी, पण बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला 'काय म्हणतोय धंदा' असं विचारलं.

मग एका सोमवारी सकाळी बघतो तर ब्रँडेड रिंगांच्या सगळ्या लिस्टिंग बंद. खाली लाल अक्षरात, हा ब्रँड विकायला परवानगी लागेल. अरे दोन वर्षं विकतोय की! नवऱ्याला दोन वर्षांनी घराच्या दारात अडवून लग्नाचं सर्टिफिकेट मागावं तसं झालं.

तसा नियम चुकीचा नाही, हे मी भांडीवाला म्हणून सांगतो. डुप्लिकेट रिंग हातात घेतली की कळते, जरा जास्तच चकाकते, वास टायरच्या दुकानासारखा येतो, आणि महिनाभरात अशी सैल पडते की कुकर शिट्टी द्यायची सोडून कडेने फुसफुसत बसतो. कुकरला 2021 च्या फेब्रुवारीपासून आयएसआय शिक्का सक्तीचा झालाय तो काही उगाच नाही, डाळ छताला लागलेली मी स्वतः बघितलीय. फक्त माझी रिंग खरी आहे हे मला माहितीये, गिऱ्हाइकाला माहितीये, आणि पटवायचंय कुणाला तर जो डाळ शिजवतच नाही त्याला.

साइटवाल्यांना पाहिजे होतं कंपनीचं किंवा ऑथोराइज्ड डिस्ट्रिब्युटरचं बिल, 180 दिवसांच्या आतलं, कमीत कमी 10 नग, आणि त्यावरचं माझं नाव-पत्ता अकाउंटशी अक्षर न् अक्षर जुळलेला. मी ज्यांच्याकडून माल घेतो त्या जांभळी नाक्याच्या शेठचं बिल अपलोड केलं. त्यावर माझ्या नावाच्या जागी 'नौपाडा पार्टी' आणि मालाच्या जागी 'रिंग मिक्स' लिहिलेलं. चार मिनिटांत रिजेक्ट. शेठला म्हटलं पक्कं बिल द्या, तर ते म्हणाले देतो की, पण मग 18 टक्के जीएसटी लागेल, आणि तुझ्या बाबांनी तीस वर्षांत कधी मागितलं नाही.

आईला हा सगळा प्रकार सांगितला. तिने शांतपणे स्टॉकमधली एक रिंग काढली, कुकरला लावली, तूरडाळ ठेवली. तीन शिट्ट्या झाल्यावर म्हणाली, "ओरिजिनलच आहे, कळव त्यांना." व्हिडिओ काढून पाठवावा असं मला खरंच दोन मिनिटं वाटलं होतं.

शेवटी ऑथोराइज्ड डिस्ट्रिब्युटर शोधला तो मुंबईत मस्जिद बंदरला. मस्जिदला फास्ट लोकल थांबत नाही, त्यामुळे ठाण्याहून स्लोने लटकत गेलो, तिथे हातगाड्या चुकवत तिसऱ्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर पोचलो, 50 रिंगा घेतल्या, आणि छापील बिल घेतलं. जीएसटी नंबर पंधराच्या पंधरा अक्षरं बरोबर, सुरुवातीला महाराष्ट्राचा 27, मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड रबराचा 4016, खाली सही-शिक्का. असं देखणं बिल मी जन्मात बघितलं नव्हतं. येताना गाडीत पिशवी मांडीवर आणि बिल शर्टच्या आत, भिजायला नको म्हणून.

रिजेक्ट. कारण, पत्ता जुळत नाही.

रात्री अकरा वाजता मी आणि बायको दोन्ही कागद शेजारी ठेवून 'फरक ओळखा' खेळत बसलो. फ्लॅट नंबर बरोबर, पिन 400602 बरोबर. मग बायकोला दिसलं. आमच्या जीएसटी सर्टिफिकेटवर ठाणे टी-एच-ए-एन-ई, आणि बिलावर टी-एच-ए-एन-ए. थाना! इंग्रजांच्या काळात असं लिहायचे, नंतर बदललं, पण ते मस्जिदच्या अकाउंटंटला कुणी कळवलं नसावं.

फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, अकरा तारीख गेली, रिटर्न भरून झालं, आता बिलाला हात लावणार नाही." सेलर सपोर्टला समजावलं की थाना म्हणजेच ठाणे, इथे दुसरं गाव नाहीये, तर त्यांनी माझ्या सहकार्याबद्दल आभार मानून तिकीट बंद केलं. मग काय, परत स्लो लोकल, परत 10 रिंगा, आणि यावेळी अकाउंटंटच्या खुर्चीमागे उभं राहून, "ई टाका, ई, ई फॉर एलिफंट." त्याने वळून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते जाऊ दे.

परवानगी आली ती रात्री तीन वाजता. अभिनंदन वगैरे काही नाही, आता तुम्ही हा ब्रँड विकू शकता, एवढंच. मी बायकोला उठवलं, ती म्हणाली बरं झालं, आणि कूस बदलली.

सकाळी पहिली ऑर्डर आली. लेबल प्रिंट केलं तर पत्ता आमच्याच मागच्या गल्लीतला, आणि शेवटी शहराचं नाव, टी-एच-ए-एन-ए. यावर कुणाची काही हरकत नव्हती. पार्सल पिकअपवाल्याने नेलं, ट्रॅकिंगवर दुपारपर्यंत ते भिवंडीच्या गोदामात जाऊन बसलं.

संध्याकाळी त्याच पत्त्यावरच्या काकू दुकानात आल्या. मुलाने ऑनलाइन मागवलीय पण ती कधी येणार कुणास ठाऊक, छोले भिजवून ठेवलेत, एक पाच लिटरची रिंग दे म्हणाल्या. मी दिली. त्यांनी ती उजेडात धरली, ताणून बघितली, नाकाला लावली आणि मला विचारलं, "ओरिजिनल आहे ना रे?"