सहा मिनिटांचं काम

रायफलच्या बॅरलवर गॅस ब्लॉक बसवणं हे सहा मिनिटांचं काम आहे असं व्हिडिओतला दाढीवाला म्हणाला आणि त्याने ते खरंच सहा मिनिटांत केलं, मी शनिवारी सकाळी बसलोय, आज रविवारची दुपार झाली.

गॅस ब्लॉक म्हणजे अंगठ्याएवढा लोखंडी ठोकळा. एआर-15 च्या बॅरलला वरच्या अंगाला जेमतेम 2 मिमीचं भोक असतं, गोळी त्याच्या पुढे सरकली की मागचा थोडा गॅस त्या भोकातून ब्लॉकमध्ये शिरतो, तिथून एका नळीने उलटा मागे येऊन बोल्टला, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणाऱ्या दट्ट्याला, ढकलतो, की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. झालं. फक्त बॅरलचं भोक आणि ब्लॉकचं भोक बरोब्बर एकावर एक यायला हवं, आणि ब्लॉक चढवला की दोन्ही दिसेनाशी होतात! म्हणजे नुसत्या पत्रिकेवर लग्न लावायचं, छत्तीस गुण जुळले का ते रेंजवर गेल्यावरच कळणार. नाही जुळले तर सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे स्वतःच पुढची गोळी भरणारी, रायफल घेऊन दर गोळीला हाताने बोल्ट मागे ओढत बसा.

मी पेन्सिलीने रेघा मारल्या, टॉर्च तोंडात धरला, एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं तर ब्लॉक सरकलेला दिसला, पहिल्या डोळ्याने पुन्हा जागेवर. बायको दारातून म्हणाली, "अरे, चष्मा लाव ना." लावला. आता दोन्ही डोळ्यांना वाकडा दिसायला लागला.

बरं, नळी ब्लॉकमध्ये अडकवायला एक पिन असते, सुतळीएवढी जाड आणि नखाएवढी लांब. तिला बोटात धरून हातोडी मारायची, म्हणजे नेम पिनेवर आणि मार बोटावर. तिसऱ्या ठोक्याला ती उडाली, टिण् असा आवाज दोनदा आला, आणि मग काहीच नाही. अर्धा तास मी चुंबक घेऊन फरशीवर रांगत होतो. पिन सोडून सगळं सापडलं, गेल्या वर्षीचा हरवलेला स्क्रूसुद्धा. शेवटी पिन माझ्याच शर्टाच्या खिशात निघाली, ती तिथे कशी गेली हे मला विचारू नका.

तेवढ्यात बायकोने खोक्यातून एक जाड रिंग काढली. "हे काय रे?"

"ते नंतरचं आहे, ठेव तिथे."

मग नळी, पिन, खालचे दोन बारीक स्क्रू, त्यांना थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून लावायचं चिकट औषध. साधं निळं तापलं की ढिलं पडतं आणि ब्लॉक तर चांगलाच तापतो, म्हणून मी खास उष्णता सोसणारं आणलेलं, रात्रभर सुकवलं. सकाळी हलवून बघितलं, तसूभर हलेना. मी स्वतःवर इतका खूश की दुसरा चहा टाकला.

आणि चहा पिता पिता लक्षात आलं की ती रिंग म्हणजे बॅरल नट. बॅरल रिसीव्हरला, म्हणजे रायफलच्या मधल्या सांगाड्याला, तोच पकडतो, आणि तो बॅरलवर पुढूनच चढतो, म्हणजे ब्लॉकच्या आधी. आता मध्ये ब्लॉक, रात्रभर सुकलेला.

या थ्रेडलॉकरची एक गोष्ट चांगली, पाण्यात भिजवलं की सुटतं. तर सध्या बॅरल बाथरूममध्ये बादलीत उभी आहे, आणि बायकोने आतून विचारलंय की आंघोळ बॅरलसकट करायची का आधी बॅरल उरकणार आहे.